तळ्याकाठचं हाडांचं घर

जमीन रिकामी आहे असं एकदा जकार्तात ठरल्यावर लुनुक गावच्या माणसांनी ती भरलेली आहे म्हणत राहणं हा शुद्ध आडमुठेपणा होता. पण आडमुठेपणा तुंदानच्या घराण्यात पहिल्यापासून होता आणि तिन्ही पोरांच्या वाट्याला तो सारखा आला होता. बाकी कशाचीच वाटणी त्या घरात इतकी सरळ झाली नाही.

त्या वर्षी नदी उतरली आणि नेहमीप्रमाणे सगळे तळं उपसायला जमले. तुंदान आणि त्याची धाकटी बहीण उंगाई यांनी तरुणपणी दलदलीच्या जंगलात हातानं खणलेलं ते लांबट तळं. पुरात नदी झाडांमधून पसरते, मासे मुळांमुळांत हिंडून माजतात आणि पाणी ओसरलं की जिथं खोल तिथं येऊन बसतात. मग कोरड्या दिवसांत तळं उपसायचं, मरळ आणि मांगूर टोपल्यांत भरायचे, खारवून मडक्यांत घालायचे आणि पुढच्या पुरापर्यंत खायचे. तुंदानच्या पश्चात तीन घरं त्यावर जेवत होती. सरकारी नकाशात त्या जागी कोरा कागद होता, कारण तिथं कुणी काही लावलेलं नव्हतं. जे न लावता उगवतं किंवा न विचारता पोहतं, ते सरकारच्या नजरेत भरत नाही.

आता तिथं भात पिकणार होता. दलदलीचं पाणी कालव्यांनी काढून द्यायचं, जावाहून शेतकरी आणून वसवायचे आणि देशाचं पोट भरायचं. आमचं भरलेलं होतं, हा देशाच्या दृष्टीनं तपशील. मोजणीवाले येऊन कालव्यासाठी लाल फडक्यांच्या काठ्या रोवून गेले होते आणि ती रांग बरोबर तळ्याच्या मधून जात होती. सरकारला सरळ रेषेचं भारी वेड. आमच्या नदीला आजवर सरळ वाहता आलं नाही, त्याचीच ही शिक्षा असावी.

टोपल्या घेऊन आलेली मंडळी तळ्याच्या काठावर थबकली. तिथं एक सांडुंग उभं होतं. चार खांबांवरचं, लाल रंग दिलेलं, माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवरचं हाडांचं छोटं घर. गेल्या वर्षी नव्हतं. गेल्या आठवड्यातही नव्हतं.

"हे काय?" कोर्नेलिसनं विचारलं. कोर्नेलिस थोरला. गावच्या शाळेचा हेडमास्तर, चर्चमधला पुढच्या बाकावरचा आणि दलदलीत बूट घालून येणारा लुनुकमधला एकमेव माणूस.

"सांडुंग," सावांग म्हणाला. हा धाकटा. तळं राखायचं काम त्याच्याकडे होतं आणि दुसरं काही काम त्याला येत नव्हतं.

"ते मलाही दिसतंय. कुणाचं?"

"अजून ठरलं नाही."

मधली आंबुन खो खो हसली. तिच्या मागून मिना उंगाई काठी टेकत पुढं आली. मिना म्हणजे आत्या. तुंदान गेल्यावर या तिघांना तोंडावर शिव्या द्यायचा हक्क तिच्या एकटीकडे उरला होता आणि तो तिनं कधी गंजू दिला नाही. तिनं सांडुंगाच्या आढ्याकडे बघितलं.

"वर कोंबडी कशाला बसवलीस रे?"

"धनेश आहे, मिना."

"खुडुक बसलेला दिसतो."

सावांगनं मान खाली घातली. कोरीव काम त्याला जमत नाही हे त्याला कबूल होतं. पण खांब त्यानं मन लावून रोवले होते. स्वैपाकघराचे न कुजणाऱ्या उलिन लाकडाचे चारही खांब काढून, टोकं करून, वरची, कुजक्या पानामुळांची मऊ काळी माती पार करत खालच्या कठीण चिकणमातीला भिडेपर्यंत ठोकले होते. त्याची बायको तेव्हापासून अंगणात चूल मांडून बसली होती आणि त्याच्याशी बोलत नव्हती. तळं वाचत असेल तर तेही त्याला चालणार होतं.

कल्पना त्याला वरच्या गावावरून सुचली. तिथं खणायचं यंत्र एका सांडुंगाला खेटून गेलं आणि संध्याकाळी यंत्रवाल्याला थंडी वाजून जो ताप भरला तो उतरेचना. तेव्हापासून यंत्रवाले हाडांच्या घराजवळ खणायला साफ नाही म्हणत आणि मोजणीवाले मुकाट काठ्या हलवत. शाळा आडवी आली तर शाळा हलते, माणूस आडवा आला तर माणूस, पण हाडं आडवी आली की रेषा वाकते. हे कळल्यावर सावांगनं दुसरा विचार केलाच नाही.

"म्हणजे सरकारला फसवायचं," कोर्नेलिस म्हणाला. "मी त्यांच्या सभेत स्वागताचं भाषण केलंय. शाळेवर पत्रे घालून देणार आहेत ते. माझं काय तोंड राहील?"

"तुझं तोंड रबरासारखं आहे दादा, ताणलं जाईल," सावांग म्हणाला.

हा टोला नेमका बसला. सभेहून आल्याआल्या कोर्नेलिसनं तळ्यापलीकडच्या तुकड्यात रबराची रोपं खोचली होती, कारण झाडाला भरपाई असते. माशाला नसते. दलदलीत रबर जगत नाही हे त्याला शाळेतली पोरंही सांगू शकली असती.

"आंबुन, तू तरी समजाव याला," कोर्नेलिस म्हणाला.

आंबुननं बादली भरून काठावर ओतली. तिचा नवरा जारकासी बंजार मुसलमान, बाजारात माशांचा व्यापारी. यंत्रवाल्यांच्या छावणीला मासे पुरवायचा ठेका त्याला मिळणार होता. त्यामुळे आंबुन घरून निघताना सरकारच्या बाजूची होती. तळं मोडणाऱ्यांना तळ्यातलेच मासे विकायचे यात काही विसंगत आहे, हे जारकासीला दिसलं नव्हतं. तिला दिसलं होतं, पण संसारात सगळं बोलून दाखवायचं नसतं.

"दादाचं बरोबर आहे," ती म्हणाली. "मिळतंय ते घ्यावं. तुझ्या खुडुक धनेशाला कोण भिणार आहे, सावांग?"

"दोन विरुद्ध एक," कोर्नेलिस म्हणाला.

"उपसा आधी," मिना म्हणाली. "भांडण काय पळून जातंय? मासे जातील."

मग सगळे चिखलात उतरले. बादल्या, पातेली, एक फुटका टब, हाताला येईल त्यानं पाणी बाहेर. काळं पाणी गुडघ्याखाली गेलं आणि मासे उसळायला लागले, तशी भांडणंही थोडा वेळ थांबली. पहिला मोठा मरळ मिनानं हातानं धरला. तो तिचा मान, कारण तळं खणणाऱ्या दोघांतली ती उरलेली. नेहमी ती तो परत पाण्यात सोडायची, बी राहावं म्हणून. या वेळी तिनं मासा धरून ठेवला आणि सांडुंगाकडे बघत राहिली.

"सावांग, आत काय आहे?"

"काही नाही. रिकामंच आहे."

मिनाच्या हातातून मासा सुटला. ती काठावर जाऊन बसली.

"हाडांचं घर रिकामं ठेवत नाहीत रे गाढवा. रिकामं घर माणूस मागतं. आता इथं सगळ्यात पिकलेलं पान कोण? मी. म्हणजे माझी सोय केलीस होय?"

सावांगचा चेहरा उतरला. "मिना, तसं नव्हतं माझ्या मनात. मी फक्त तळं…"

"तुझ्या मनाला कोण विचारतं? घराला विचार." तिनं नेसूच्या कापडाला हात पुसले. "आणि एवढं घर बांधलंच आहे, तर रांगेत एक भाडेकरू उभा आहे की तुमचा. परसात."

तुंदान अकरा पूर झाले सावांगच्या परसात मातीत होता. मेलेल्याला आधी पुरायचं, मग तिवाह करून हाडं काढायची, धुवायची आणि सांडुंगात ठेवायची. तेव्हा कुठं तो पलीकडच्या गावी पोचतो, तोवर वाटेत ताटकळतो. तिवाह म्हणजे रेडे, डुकरं, पाहुणे, ढोल आणि दारू. कोर्नेलिस म्हणायचा, चर्चला चालणार नाही. आंबुन म्हणायची, जारकासीला चालणार नाही. सावांग म्हणायचा, मला परवडणार नाही. तिघांची कारणं एकमेकांना फार सोयीची होती.

आंबुन चिखलात तशीच उभी राहिली. दर पुरात सावांगच्या परसात कमरभर पाणी चढतं. दर पुरात ती बाजारातल्या कोरड्या घरात झोपायची आणि बापाच्या डोक्यावर पाणी आहे हे आठवून जागी व्हायची. सकाळी जारकासी नमाजाला गेला की पहिल्या भाताचा घास ती बापाच्या नावानं खिडकीत ठेवायची आणि नवरा यायच्या आत कावळ्यांना हाकलून तो उचलायची. तिला स्वतःची लाज वाटली, आणि फार वर्षांची साठलेली असल्यामुळे एकदम वाटली.

"करू या," ती म्हणाली.

"काय करू या?" कोर्नेलिस.

"बाबांचा तिवाह. माझ्या बांगड्या आहेत."

"अगं, आत्ता तर तू माझ्या बाजूला होतीस! आणि जारकासी काय म्हणेल? तू मुसलमान, मी ख्रिस्ती…"

"तुंदान मेला तेव्हा तुम्ही त्याची पोरं होता," मिना म्हणाली. "त्यात काही फरक पडलाय का? मला कुणी कळवलं नाही."

तेवढ्यात नदीकडून मोटारहोडीचा आवाज आला. तुंदाननं नदीपासून तळ्याकडे खणलेल्या अरुंद चरातून सुविग्न्योसाहेब येत होते. जावाचे, मोजणीवाले, बोलायला मऊ. बरोबर काठ्या घेतलेले दोन गडी. होडीतून उतरताना त्यांची नजर सांडुंगावर गेली आणि त्यांनी लवंगेची सिगारेट विझवून टोपी काढली. मग कपाळाला आठी पडली.

"गेल्या खेपेला हे इथं नव्हतं."

"होतं," सावांग म्हणाला. "झाडीत होतं."

"मी स्वतः इथं काठी रोवली आहे, भाऊ. झाडीच नव्हती."

सावांगनं टोपलीत डोकं घातलं. खोटं बोलायला तालीम लागते आणि त्याचा सगळा जन्म माशांत गेलेला. सुविग्न्योसाहेब कोर्नेलिसकडे वळले.

"हेडमास्तर, तुम्ही सांगा. तुम्ही आपले माणूस."

कोर्नेलिसच्या तोंडाशी खरं आलं होतं. इतक्या सोयीचं खरं माणसाला आयुष्यात क्वचित मिळतं. शाळेचे पत्रे, रबराची भरपाई, सभेतली पुढची खुर्ची, सगळं त्या एका वाक्यात होतं.

"कुणाचं नसेल तर तसं सांगा," साहेब समजुतीनं म्हणाले. "हा खड्डा काय, यंत्र एका दिवसात कापून जाईल."

खड्डा. कोर्नेलिसनं बुटांकडे बघितलं. दोन्ही चिखलानं भरले होते. याच चिखलात लहानपणी बाप त्याला खांद्यावर बसवून उतरायचा, मासे उसळले की तो घाबरून बापाचे केस ओढायचा आणि बाप ओरडायचा नाही. त्या सभेत या जागेला खड्डा म्हटलं गेलं तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या, हे त्याला आठवलं.

"माझे वडील आहेत आत," तो म्हणाला.

आंबुनच्या हातातली बादली कलंडली. सावांग तोंड उघडं टाकून बघत राहिला. सुविग्न्योसाहेबांनी सांडुंगापुढं हात जोडले आणि खाली बघत म्हणाले, "माझ्या वडिलांची कबर धरणात गेली. तेव्हा मोजणीवर दुसरा माणूस होता." मग ते गड्यांकडे वळले. "पलीकडच्या अंगानं घ्या. तिकडं काय आहे?"

"नुसत्या काटक्या खोचल्यात, साहेब," गडी म्हणाला. "रबर असावं. वाळलंय."

"भरपाईसाठी परवा लावलेलं दिसतंय. असल्यांची नावं आम्हाला वर कळवावी लागतात. हेडमास्तर, कुणाची आहेत ही रोपं?"

देव बघतच होता. आता बापही बघत होता. कोर्नेलिसनं घसा साफ केला.

"काही कल्पना नाही," तो म्हणाला. "काय एकेक लोक असतात!"

साहेब गेले. लाल फडकी तळ्याला वळसा घालून रबरातून पलीकडे गेली. सावांगनं भावाला मिठी मारली, चिखलासकट. कोर्नेलिस म्हणाला, "शर्ट सोड," पण स्वतः बाजूला झाला नाही.

"सांडुंगापुढं उभा राहून बोललास," मिना म्हणाली. "बापानं ऐकलंय. आता सुटका नाही, हेडमास्तर."

तिवाह झाला. आंबुनच्या बांगड्या गेल्या, कोर्नेलिसच्या होडीचं इंजिन गेलं, सावांगनं उसने रेडे आणले. चर्चमध्ये कोर्नेलिसला मागच्या बाकावर बसवलं. जारकासी तीन दिवस रुसला आणि चौथ्या दिवशी पाहुण्यांना मासे विकायला आला. धुतलेली हाडं सांडुंगात गेली, तेव्हा मिनानं हात वर करून उंबऱ्यावर भावाला पान-सुपारी ठेवली आणि ती लहान पोरीसारखी रडली. खुडुक धनेश तेवढा तसाच राहिला.

मग यंत्र आलं. सरकारची सरळ रेषा तुंदानच्या तळ्यापाशी येऊन वाकली, तेव्हा अख्खं लुनुक होड्यांतून बघायला लोटलं होतं. सावांग लोकांना तळं असं दाखवत होता की जणू त्यानंच ते जिंकून आणलंय. आणि पाण्याचा विचार आमच्यात कुणीही केला नाही. आमच्या बापजाद्यांनी चर खणले ते कमरेएवढे, नदीपासून निघून मध्येच थांबणारे. त्या चरांमुळे कधी कुणाचं तळं आटलं नव्हतं. त्यामुळे कालवा म्हणजे बाजूनं जाणारी एक वाट, ती दारावरून गेली नाही म्हणजे झालं, असं आम्ही धरून चाललो. हा कालवा घराएवढा खोल होता आणि तो कुठंही थांबत नव्हता.

पूर आला आणि कालव्यातून चार दिवसांत समुद्राकडे निघून गेला. माशांना जंगलात हिंडायलाही सवड मिळाली नाही. जावाहून आलेल्या शेतकऱ्यांचा भात वीतभर वाढून तांबडा पडला आणि ती माणसं बिचारी आमच्याकडेच मासे मागायला आली. त्यांना काय सांगणार?

पुढच्या कोरड्या दिवसांत तुंदानची मंडळी ठरल्या वेळी तळ्यावर जमली. येऊ नका असं कुणी कुणाला म्हणालं नाही, म्हणून सगळे टोपल्या घेऊन आले. तळ्याचा तळ भेगाळलेला होता. एका भेगेत मांगूर वाळून पडला होता. लांब कुठंतरी वाळलेली जमीन आतून जळत होती आणि त्या धुराचा वास येत होता. सावांग तळात उतरून उभा राहिला. काय करायचं ते न कळून त्यानं बादली उपडी ठेवली आणि तिच्यावर बसला. आंबुन त्याच्याजवळ जाऊन बसली आणि तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

मिना पान-सुपारी घेऊन सांडुंगापाशी गेली. तिनं हात वर केला. उंबरा हाताला लागेना. टाचा उंचावल्या, तरी लागेना.

"सावांग, खांब उंच केलेस का रे?"

"नाही, मिना."

"मग तुझा बाप उंच कसा झाला?"

कोर्नेलिस खाली वाकला. सावांगनं खांबांना जमिनीपर्यंत लाल रंग दिला होता. आता रंग संपत होता तिथून खाली हातभर कोरं लाकूड दिसत होतं.

"बाबा आहेत तिथंच आहेत," तो म्हणाला. "पाणी गेलं तशी जमीन बसली. खाली आपण चाललोय."

त्यानं बूट काढून बाजूला ठेवले, गुडघ्यावर बसला आणि आत्याला खांद्यावर घेऊन उठला. मिनानं त्याचे केस घट्ट धरले. तो ओरडला नाही. तिनं भावाच्या उंबऱ्यावर पान ठेवलं, सुपारी ठेवली आणि तशीच वरून चौफेर बघत राहिली.

"पाणी दिसतंय का कुठं, मिना?" सावांगनं तळातून विचारलं.

"दिसतंय की. कालव्यात. चाललंय." तिनं डोळे पुसले. "बाकी खरंच रिकामी आहे हो जमीन. सरकार खोटं बोलत नाही. फक्त आधी बोलतं."